दावा कोणता, पुरावा कोणता?

एप्रिल २००६ मध्ये ‘अमेरिकन हार्ट जर्नल’मध्ये एका प्रयोगाचे निष्कर्ष छापून आले. हार्वर्डचे डॉ. हर्बर्ट बेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील सहा रुग्णालयांत हृदयाची बायपास शस्त्रक्रिया होणाऱ्या १,८०२ रुग्णांचे तीन गट केले होते. पहिल्या गटासाठी तीन ख्रिस्ती प्रार्थनागटांनी शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीपासून चौदा दिवस प्रार्थना केली, पण आपल्यासाठी प्रार्थना होते आहे की नाही हे त्या रुग्णांना ठाऊक नव्हते. दुसऱ्या गटासाठी प्रार्थना झाली नाही, आणि त्यांनाही ते ठाऊक नव्हते. तिसऱ्या गटाला मात्र ‘तुमच्यासाठी प्रार्थना होणार आहे’ असे स्पष्ट सांगितले होते. शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झालेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ५२ टक्के निघाले, दुसऱ्यात ५१ टक्के, आणि ज्यांना खात्री दिली होती त्या तिसऱ्या गटात ५९ टक्के. सुमारे २४ लाख डॉलरच्या या प्रयोगाचा बहुतेक खर्च टेम्पलटन फाउंडेशनने उचलला होता. धर्म आणि विज्ञान यांच्यात संवाद व्हावा म्हणून ही संस्था पैसे देते. निष्कर्ष मनाजोगते आले नाहीत, तरी ते दडवले गेले नाहीत.

त्याच वर्षी १८ ऑगस्टच्या रात्री मुंबईत माहीमच्या खाडीचे पाणी गोड झाल्याची वार्ता पसरली. बघता बघता हजारो लोक किनाऱ्यावर जमले. कुणी ओंजळीने पाणी प्यायले, कुणी बाटल्या भरून घरी नेल्या. जवळच मखदूम शाह बाबांचा दर्गा असल्याने ही त्यांचीच कृपा, असे अनेकांनी मानले. मिठी नदी ज्या खाडीत अर्ध्या शहराचे सांडपाणी आणून सोडते, तिथले ते पाणी होते. महापालिकेने ते पिऊ नका म्हणून सांगितले. पावसाळ्यात नदीचे गोडे पाणी वजनाला हलके असल्याने खाऱ्या पाण्यावर तरंगते आणि काही काळ वरच्या थराचा खारटपणा कमी होतो, हे भूशास्त्रज्ञांनी समजावले. दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी पुन्हा खारट झाले होते.

दोन्हीकडे श्रद्धाळू माणसेच होती. अमेरिकेतल्यांनी श्रद्धेतून निघालेला एक दावा आधी नेमका मांडला, तो खोटा ठरू शकेल अशी सोय केली आणि मग निकाल स्वीकारला. माहीमला तेवढी उसंत कुणी घेतली नाही. धर्मश्रद्धा आणि चिकित्सा यांच्या वादाचा सारा प्रवास पाहिला, तर पुन्हा पुन्हा हाच फरक निर्णायक ठरलेला दिसतो. वाद मात्र बहुधा ‘देव आहे की नाही’ या एकाच प्रश्नावर खिळून राहतो आणि तिथेच दमतो. प्रत्यक्षात त्यात तीन निरनिराळे प्रश्न गुंतलेले असतात: जगात अमुक घडते का, जगायला आधार कशाचा, आणि समाजाने काय चालू द्यावे. पहिल्याचे उत्तर मोजून मिळते. दुसऱ्याचे मोजून मिळत नाही. तिसऱ्यासाठी कायदा आणि लोकशाहीतली चर्चा लागते. या तिन्हींची सरमिसळ झाली की आस्तिक आणि नास्तिक दोघेही चुकीच्या मैदानावर लढत राहतात.

मोजता येणारे दावे

२१ सप्टेंबर १९९५ हा दिवस मराठी घरांतून अजून आठवला जातो. गणपतीची मूर्ती दूध पिते, ही बातमी सकाळी दिल्लीतून निघाली आणि दुपारपर्यंत देशभर, संध्याकाळपर्यंत लंडनच्या मंदिरांपर्यंत पोचली. लोकांनी डोळ्यांनी पाहिले ते खोटे नव्हते. चमचा सोंडेला लावला की दूध खरोखरच कमी होत होते. काठोकाठ भरलेल्या चमच्यात द्रवाचा पृष्ठभाग थोडा फुगीर असतो, आणि मूर्तीचा दगड त्याला टेकताच पृष्ठताणामुळे दूध तिकडे ओढले जाते. मग मूर्तीच्या अंगावरून ते इतक्या पातळ थराने खाली उतरते की पांढऱ्या संगमरवरावर दिसतही नाही. केंद्र सरकारच्या विज्ञान खात्यातील शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवला, तेव्हा सोंडेवरून छातीवर आणि तिथून पायांशी उतरलेला रंगीत ओघळ सगळ्यांना दिसला. कुणाच्या देवाची निंदा करावी लागली नाही. चिमूटभर रंगाने काम झाले.

असाच तपास मार्च २०१२ मध्ये मुंबईत झाला. विलेपार्ल्याच्या इर्ला भागातील एका चर्चबाहेरच्या क्रूसातून पाणी ठिबकत होते आणि भाविक ते तीर्थ म्हणून नेत होते. बुद्धिवादी कार्यकर्ते सनल एडामारुकू यांनी पाहणी करून सांगितले, की जवळच्या सांडपाण्याच्या मार्गात तुंबलेले पाणी केशाकर्षणाने भिंतीतून वर चढते आहे. याचे उत्तर गळती दुरुस्त करून देता आले असते. त्याऐवजी धार्मिक भावना दुखावल्याबद्दल भारतीय दंड संहितेच्या २९५-अ कलमाखाली त्यांच्याविरुद्ध तक्रारी झाल्या, आणि त्याच वर्षी ते फिनलंडला निघून गेले. पुरावा कसाही असो, तो मांडणाऱ्याच्या वाट्याला काय येते, हाही या विषयाचाच भाग आहे.

मराठी वाचकांच्या सर्वांत जवळची चाचणी पुण्यात झाली. फलज्योतिष तपासून पाहावे म्हणून खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि स्वतः एकेकाळी ज्योतिष पाहणारे प्रकाश घाटपांडे एकत्र आले. त्यांनी दोनशे मुलांच्या कुंडल्या जमवल्या. शंभर मुले हुशार होती, शंभर मतिमंद. ज्योतिषांनी फक्त एवढेच ओळखायचे होते की कुंडली कोणत्या गटातल्या मुलाची आहे. ५१ ज्योतिषांनी तयारी दाखवली आणि प्रत्येकाला चाळीस कुंडल्या पाठवण्यात आल्या. २७ जणांची उत्तरे आली. चाळीसपैकी २८ बरोबर आल्यास यश मानायचे, हे आधीच ठरले होते. सरासरी यश ४६ टक्के आले, म्हणजे नाणे उडवून मिळाले असते त्याच्या आसपासच. सर्वांत जास्त गुण मिळवणाऱ्याची २४ उत्तरे बरोबर होती. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या दोनशे कुंडल्या पाहिल्या आणि १०२ बरोबर सांगितल्या. ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात २००९ मध्ये हा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. अमेरिकेत शॉन कार्लसन यांनी पाश्चात्त्य ज्योतिषाची अशीच चाचणी घेऊन ती १९८५ मध्ये ‘नेचर’मध्ये छापली होती. तिचाही निकाल ज्योतिषाच्या विरुद्ध गेला होता.

या चाचण्यांचे मोल त्यांच्या आखणीत आहे. नियम आधी ठरतात, दोन्ही बाजूंना ते मान्य असतात, आणि तपासणाऱ्याला स्वतःलाच फसवता येऊ नये अशी काळजी घेतली जाते. आता त्यांची मर्यादाही सांगायला हवी. बेन्सन यांच्या प्रयोगाने देव नाही असे सिद्ध केले नाही. अमुक पद्धतीने केलेल्या प्रार्थनेने अमुक शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत कमी झाली नाही, एवढेच त्याने सांगितले. नारळीकरांच्या चाचणीने ग्रहांचे गणित खोटे ठरवले नाही, त्या गणितावरून माणसाची बुद्धी सांगता येते हा दावा तपासला. नास्तिकाने यातून याहून मोठा निष्कर्ष काढला, तर तोही पुराव्यापुढे उडी मारतो.

अनुभव फसवतो कसा

‘पण आम्हाला अनुभव आला आहे’ हा श्रद्धाळूंचा सर्वांत प्रामाणिक युक्तिवाद. त्याला उडवून लावणे सोपे आहे, पण त्यामुळे कुणाचेच मन बदलत नाही. अनुभव खरा असूनही निष्कर्ष कसा चुकतो, हे कोकणातल्या विंचवाने फार स्पष्ट दाखवले आहे.

रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात रुजू झाले. त्या भागात लाल विंचवाचा दंश म्हणजे मरणाशी गाठ होती. विंचू चावला की लोक मांत्रिकाकडे जात. पाणी मंतरले जाई, विष उतरवले जाई, आणि बहुतेक माणसे बरी होत. कारण विंचवाच्या बहुतेक दंशांत असह्य कळा येतात, पण त्या आपोआप ओसरतात. बरे झालेला प्रत्येकजण मांत्रिकाची महती सांगत गावभर फिरे. उरलेल्या थोड्यांची गत वेगळी असे. अंगाला दरदरून घाम सुटे, हातपाय गार पडत, रक्तदाब चढे, मग छातीत पाणी भरून तोंडाला गुलाबी फेस येई. यातली लहान मुले अनेकदा दवाखान्याच्या दारात येईपर्यंत संपलेली असत, आणि त्यांचा दोष नशिबाला लागे. मांत्रिकाच्या नावावर यश जमा होत राही, अपयश कुठेच मांडले जात नसे.

बावस्करांनी नेमके ते अपयश मांडायला सुरुवात केली. रात्र रात्र रुग्णाजवळ बसून नाडी, घाम, रक्तदाब टिपला. हे विष शरीरातल्या कोणत्या यंत्रणेला पेटवते, हे त्या नोंदींतून उलगडले. मग प्राझोसिन हे रक्तदाबावरचे स्वस्त औषध त्यांनी वापरून पाहिले. त्यांचे निष्कर्ष १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. गंभीर दंश झालेल्यांत पूर्वी शंभरापैकी चाळीसच्या आसपास दगावत. हे प्रमाण पुढे एका टक्क्याच्या घरात उतरले.

सापाच्या बाबतीतही गणित हेच आहे. चावणारे बरेच साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही प्रत्येक वेळी पुरेसे विष सोडतोच असे नाही. त्यामुळे भगताकडे नेलेले पुष्कळ लोक वाचतात. घोणस किंवा मण्यार चावलेल्या माणसाचे मात्र मंत्रात गेलेले दोन तास परत येत नाहीत. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मधल्या एका मोठ्या अभ्यासाने मांडला. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेत प्रतिविष तयार होत आले आहे, आणि तरीही ही माणसे मरतात. याला रस्ते, अंतर, औषधांचा तुटवडा आणि गरिबी ही कारणे आहेतच. भगतावरचा विश्वास हे त्यातले एक, आणि तो विश्वास मूर्खपणातून आलेला नाही. वाचलेल्यांच्या मोजणीतून तो आला आहे. चूक आहे ती न वाचलेल्यांना न मोजण्यात.

श्रद्धेच्या बाजूचा पुरावा

पुराव्याची भाषा मान्य केली, तर श्रद्धेच्या बाजूने जे आढळते तेही मान्य करावे लागते. अमेरिकेतील ७४,५३४ परिचारिकांच्या दीर्घ पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २०१६ मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये आला. आठवड्यातून एकापेक्षा अधिक वेळा चर्चमध्ये जाणाऱ्या स्त्रियांत, कधीच न जाणाऱ्यांच्या तुलनेत, सोळा वर्षांतला मृत्यूचा धोका ३३ टक्क्यांनी कमी आढळला. धूम्रपान कमी, निराशा कमी, माणसांचा आधार जास्त, ही त्यामागची काही कारणे संशोधकांना दिसली. भारतीय आणि ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी मिळून अलाहाबादच्या माघ मेळ्यात महिनाभर कल्पवास करणाऱ्यांची पाहणी केली आणि ती २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. कडाक्याची थंडी, गोंगाट आणि गर्दी सोसूनही, गावी राहिलेल्यांच्या तुलनेत या यात्रेकरूंना आपली प्रकृती आणि मनःस्थिती सुधारल्याचे जाणवले. आळंदीहून पंढरपूरपर्यंत पायी जाणाऱ्या वारकऱ्याला हे वाचून नवल वाटणार नाही.

हे आकडे श्रद्धा ‘खरी’ असल्याचे सांगत नाहीत, आणि चर्चला जाणारे मुळातच अधिक निरोगी असतील ही शंका पूर्ण पुसली जात नाही. पण धर्म म्हणजे केवळ अज्ञान, ही मांडणी त्यांच्यापुढे टिकत नाही. एकाकी म्हातारपणात मंदिरातली, मशिदीतली किंवा विहारातली ओळखीची माणसे काय देतात, हे समजून घेतल्याशिवाय चिकित्सेची चळवळ लोकांपर्यंत पोचणार नाही. प्यू संशोधन केंद्राने २०१९-२० मध्ये जवळपास तीस हजार भारतीयांशी बोलून केलेल्या पाहणीत ९७ टक्के लोकांनी देवावर विश्वास असल्याचे सांगितले. कर्मसिद्धान्त मानणाऱ्यांचे प्रमाण हिंदूंत आणि मुसलमानांत सारखेच, ७७ टक्के निघाले. विश्वास धर्मग्रंथांच्या सीमा पाळत नाही, तो शेजाराने पसरतो.

शास्त्रज्ञांतही श्रद्धाळू माणसे पूर्वी होती आणि आजही आहेत. आपली सूत्रे नामगिरी देवीने दिली असे श्रीनिवास रामानुजन सांगत, आणि त्यांना केंब्रिजला नेणारे जी. एच. हार्डी पक्के नास्तिक होते. दोघांचे जमले, कारण सूत्र कुठून सुचले याला हार्डींच्या लेखी महत्त्व नव्हते, त्याची सिद्धता काय याला होते. विश्वाच्या प्रसरणाची कल्पना मांडणारे जॉर्ज लमेत्र हे कॅथलिक धर्मगुरू. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी त्या सिद्धान्ताचा संबंध सृष्टीच्या निर्मितीशी जोडला, तेव्हा लमेत्र यांनाच ते रुचले नाही. विज्ञानातला सिद्धान्त उद्या बदलू शकतो, त्यावर धर्माची इमारत उभारू नये, ही त्यांची भूमिका होती. जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी पुढे मांडले, की विज्ञानाचे क्षेत्र वस्तुस्थितीचे आणि धर्माचे मूल्यांचे, दोघांनी आपापल्या हद्दीत राहावे. रिचर्ड डॉकिन्स यांनी २००६ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात याला उत्तर दिले, की धर्म हद्दीत राहतच नाही. चमत्कार, पुनर्जन्म, नवसाला पावणे हे सगळे वस्तुस्थितीबद्दलचेच दावे आहेत. इथे डॉकिन्स बरोबर आहेत. पण माणूस देवळात जातो तो दर वेळी असा दावा करायलाच जातो, हे त्यांचे गृहीतक बरोबर नाही.

मराठी मुलखातली परंपरा

महाराष्ट्रात हा वाद बाहेरून आला नाही, आणि तो आस्तिक विरुद्ध नास्तिक असा सरळही कधी नव्हता. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला. पुरोहित, पोथ्या आणि जन्माधारित उच्चनीचता यांच्यावर त्यांच्याइतका घाव कुणी घातला नाही, तरी ते निर्मिक मानत. त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये आलेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ या ग्रंथात हा निर्मिक सर्वत्र आहे. त्याच काळात गोपाळ गणेश आगरकर देवाच्या अस्तित्वाबद्दल अज्ञेयवादी भूमिका घेऊन ‘सुधारक’मधून बुद्धीचा आग्रह धरत होते. पुण्यात सनातन्यांनी त्यांची जिवंतपणीच अंत्ययात्रा काढली. वि. दा. सावरकरांनी ‘किर्लोस्कर’मधल्या लेखांतून गाय हा उपयुक्त पशू आहे, देव नव्हे, असे लिहिले. त्यांचे राजकारण न पटणाऱ्यांनीही हे निबंध वाचले, आणि त्यांचे राजकारण पटणारे अनेकजण हे निबंध टाळून पुढे जातात.

गाडगेबाबांनी वेगळी वाट काढली. कीर्तनात उभे राहून ते श्रोत्यांनाच प्रश्न विचारत, आणि श्रोत्यांच्याच तोंडून बोकडाचा नवस, सावकाराचे कर्ज, तीर्थक्षेत्रीची घाण यांचा हिशेब काढून घेत. भाविकांच्या मेळ्यात, भाविकांच्या भाषेत केलेली ती उलटतपासणी होती. अभ्यासकांच्या बाजूने तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, चार्वाकाचा शोध घेणारे सदाशिव आठवले आणि आ. ह. साळुंखे, आणि १९९० मध्ये नागपुरातून ‘आजचा सुधारक’ सुरू करणारे दि. य. देशपांडे यांनी या चर्चेला वैचारिक खोली दिली.

चळवळीच्या आतही मतभेद होते आणि ते लपवले गेले नाहीत. परमेश्वराला आता निवृत्त करावे, असे डॉ. श्रीराम लागू जाहीर व्यासपीठावरून सांगत. त्याच व्यासपीठावर डॉ. दाभोलकर त्यांच्याशी वाद घालत. दाभोलकरांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची (अंनिस) भूमिका अशी, की देव मानावा की न मानावा हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. संघटनेचा विरोध शोषण करणाऱ्या प्रथांना. चमत्कार सिद्ध करणाऱ्याला २१ लाख रुपयांचे बक्षीस समितीने जाहीर केले, आणि १९८२ पासून काम करणाऱ्या श्याम मानव यांच्या संघटनेनेही असेच आव्हान दिले. ही रक्कम आजवर कुणाला जिंकता आलेली नाही.

राज्य, कायदा आणि बंदुकीची गोळी

वैज्ञानिक दृष्टिकोन अंगी बाणवणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे, असे ४२ व्या घटनादुरुस्तीने १९७६ मध्ये संविधानाच्या ५१-अ कलमात लिहिले. मुंबईच्या नेहरू सेंटरने १९८१ मध्ये या विषयावर एक निवेदन प्रसिद्ध केले. पी. एन. हक्सर, राजा रामण्णा, पी. एम. भार्गव ही मंडळी त्यामागे होती. त्याला विचारवंत आशिष नंदी यांनी त्याच वर्षी सविस्तर उत्तर दिले. विज्ञान स्वतःच सत्तेच्या आणि हिंसेच्या कामी लागले आहे, त्याला सर्व ज्ञानांचा न्यायाधीश करू नका, आणि सामान्य माणसाच्या शहाणपणाला अडाणीपणा समजू नका, असा त्यांचा आग्रह होता. ही टीका आजही लागू आहे. वैज्ञानिक दृष्टिकोन म्हणजे सुशिक्षितांनी अशिक्षितांना दिलेली शिकवणी, असा सूर चळवळीत अधूनमधून लागतो, आणि त्याने नुकसानच होते. पण नंदींच्या टीकेने भगताच्या दारात मेलेल्या मुलाचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी कुणीतरी मोजावेच लागते.

महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायद्याची लढाई दीर्घ चालली. विधेयक वर्षानुवर्षे रखडले. वारकरी संघटनांसह अनेकांना भीती होती की उद्या पूजा आणि वारीही गुन्हा ठरेल. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात ओंकारेश्वर मंदिराजवळच्या पुलावर फिरायला निघालेल्या दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर काही दिवसांतच सरकारने अध्यादेश काढला आणि डिसेंबरमध्ये कायदा संमत झाला. त्याच्या अनुसूचीत बारा कृत्ये आहेत: नरबळी, भूत काढण्याच्या नावाखाली मारहाण, डाकीण ठरवून छळ, साप-विंचू-कुत्रा चावल्यावर वैद्यकीय उपचार घेऊ न देणे, आणि अशीच इतर. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. आणि कशाला हा कायदा लागू नाही, हेही त्यातच लिहिले आहे. प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, भजन, घरातली आणि देवळातली पूजा, मोहरमची मिरवणूक, जैनांचे केशलोचन, एवढेच नव्हे तर ज्योतिषाचा आणि वास्तुशास्त्राचा सल्लाही. म्हणजे पुण्याच्या चाचणीत जे नापास झाले, त्याला कायद्याने हात लावला नाही. हे योग्यच झाले. चुकीचे मत बाळगणे हा गुन्हा नाही, दुसऱ्याला इजा करणे हा आहे.

दाभोलकरांनंतर फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात गोविंद पानसरे, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धारवाडला एम. एम. कलबुर्गी आणि सप्टेंबर २०१७ मध्ये बेंगळुरूत गौरी लंकेश यांचे खून झाले. दाभोलकर खटल्यात १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना निर्दोष सोडले. मुख्य सूत्रधारापर्यंत तपास पोचला नाही, असे न्यायालयाने नोंदवले. पानसरे आणि कलबुर्गी हे केवळ अंधश्रद्धेविरुद्ध बोलणारे नव्हते. एकाने शिवाजी महाराजांचा इतिहास सामान्य वाचकांसाठी नव्याने मांडला, दुसऱ्याने वचन साहित्याचा अभ्यास केला. चिकित्सा इतिहासाची असो की चमत्काराची, तिला दिलेले उत्तर एकच होते.

विज्ञानाचा वेश

अलीकडे वादाला नवे वळण लागले आहे. पूर्वी श्रद्धा विज्ञानाला दूर ठेवत असे, आता ती विज्ञानाचा वेश घेऊन समोर येते. जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये वैदिक काळातल्या विमानांवर निबंध वाचला गेला. त्यात आधार घेतलेल्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच जणांनी १९७४ मध्येच केली होती. हा ग्रंथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे आणि त्यातली विमाने उडूच शकणार नाहीत, हा त्यांचा निष्कर्ष. मुंबईचे शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडवले, ही कथा मराठी मनाला फार प्रिय आहे. पण ते उडाल्याचा समकालीन, भक्कम पुरावा मिळत नाही. तळपद्यांची धडपड खरी होती. यशाची दंतकथा चिकटवल्याने ती मोठी होत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ मध्ये ‘ज्योतिर्विज्ञान’ अभ्यासक्रमांना दिलेली मान्यता सर्वोच्च न्यायालयात २००४ मध्ये टिकली. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी डार्विनचा सिद्धान्त चुकीचा असल्याचे सांगितले, तेव्हा देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र येऊन निषेध केला. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला, त्याविरुद्ध १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी सह्या केल्या. माहीमला पाणी पिणाऱ्या माणसापेक्षा ही गोष्ट जास्त गंभीर आहे. तिथला माणूस दुसऱ्या दिवशी खारट चव घेऊन परतला. पाठ्यपुस्तकातून गेलेला धडा मुलांना परत मिळायला एक पिढी जाऊ शकते.

जिथे गाठ सुटते

पुण्यातले अंनिसचे कार्यकर्ते शेकडो स्त्रियांची जट सोडवून देत आले आहेत. न विंचरल्याने केसांचा गुंता होतो, तो घट्ट वळतो, आणि घरचे म्हणतात देवी आली. मग कापायची सोय नाही, कापली तर कोप. वर्षानुवर्षे ती बाई एका कुशीवर झोपते, मान दुखते, उवा होतात, वास येतो. कात्री चालवायला तास पुरतो. त्याआधी सासू, नवरा आणि त्या बाईशी बोलण्यात कित्येक भेटी जातात. कार्यकर्ते देवीबद्दल वाद घालत नाहीत, केसांबद्दल बोलतात.

अशी आणखी कामे सांगता येतात. गणेशमूर्तींच्या विसर्जनाने नद्यांची दैना होते, हे चळवळीने बरीच वर्षे मांडले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात प्लास्टरची मूर्ती विरघळवण्याची पद्धत काढली, आणि अनेक भाविकांनी घरच्या बादलीत विसर्जन स्वीकारले. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याजवळच्या आश्रमात आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण पळू शकले नाहीत आणि जळून मेले. त्या घटनेने देशाचे डोळे उघडले. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातील उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून ‘दवा-दुआ’ हा उपक्रम चालला. मनोविकारतज्ज्ञ दर्ग्याच्या आवारात बसत आणि मुजावर दुआ करून रुग्णाला त्यांच्याकडे पाठवत.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून ‘सर्च’ या संस्थेतून जे केले, त्यात या वादाचा सर्वांत भरीव धडा आहे. आदिवासींना दवाखान्याची भीती वाटते, तो परका वाटतो, हे त्यांनी लोकांकडूनच ऐकले. मग रुग्णालय गोंडांच्या गावासारखे झोपड्यांचे बांधले आणि त्याला माँ दंतेश्वरी या आदिवासींच्या देवीचे नाव दिले. त्याच संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले, आणि ४७ गावे तुलनेसाठी जशीच्या तशी ठेवली. नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. पुढे आशा कार्यकर्तींमार्फत ही पद्धत देशभर गेली. दारावर देवीचे नाव राहिले, आणि बाळ कशाने जगले याची नोंद वहीत झाली. देवीने बाळे वाचवली असे संस्थेने कधी लिहिले नाही, आणि देवी खोटी आहे असे आईला कुणी सांगितले नाही.

सर्पदंशाने होणारे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये जाहीर केला. प्रतिविष, वाहने, प्रशिक्षित डॉक्टर या तयारीबरोबर एक काम गावागावांत करावे लागेल. साप चावलेल्या माणसाला घेऊन लोक आजही आधी ज्याच्याकडे धावतात, त्या भगताशी बोलावे लागेल. त्याने मंत्र म्हणावा की नाही, हा वाद नंतर घालता येईल. गाडी आधी निघाली पाहिजे, आणि त्याच्याकडे आलेल्यांपैकी किती वाचले, किती गेले, याची नोंद आरोग्य केंद्राच्या वहीत तारखेसह झाली पाहिजे.